मावशी दमायची थांबली

मिस्तरींच्या दुकानात घाईला थारा नव्हता. घाईत आलेल्या गिऱ्हाइकाला ते स्वतःच पुढच्या चौकातल्या चकचकीत दुकानाची वाट दाखवायचे. तक्रारीबरोबर तिचं कारणही घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र स्टूल मिळायचं. बसा, बोलून घ्या, असं म्हणून मिस्तरी त्याचा ॲम्प्लिफायर टेबलावर घ्यायचे, वायरी जोडायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपलंच ऐकताहेत. ते खूश होऊन घरी जायचं.

खरी गोष्ट होती त्यांच्या कागदाची. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूचा ते एक कागद करायचे आणि त्यावर मधोमध उभी रेघ मारायचे. डावीकडे ‘गिऱ्हाईक म्हणतं’, उजवीकडे ‘मी ऐकलं’. उजवी बाजू कोरी असेपर्यंत स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही, हा बेचाळीस वर्षांचा नेम. उगाच नव्हता तो. स्पीकर फाटलाय म्हणून लोक धापा टाकत स्पीकर उचलून आणत, तो ठणठणीत निघे, आणि मग मिस्तरी त्यांच्या घरी जाऊन खिडकीची थरथरणारी काच घट्ट बसवून येत. कागद मात्र दुकानातच राहायचा. माळ्यावर खोकी भरभरून कागद होते. दुसरा नेम असा की काढलेला जुना भाग फेकायचा नाही. छोट्या पाकिटात घालायचा, वर तारीख टाकायची आणि पाकीट यंत्राच्या झाकणाला आतून चिकटवायचं. भाग निकामी असला तरी गिऱ्हाइकाचा.

बायको याला भंगाराचं कोडकौतुक म्हणायची. तिने जन्मभर चौथीच्या मुलांना शिकवलं होतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी घरात येणाऱ्या प्रत्येक छापील कागदाला ती पेन्सिलीने दहापैकी गुण द्यायची. औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रकही त्यातून सुटत नसे.

तर अशा या दुकानात चौतीस वर्षांपूर्वी दोन तरुण शिरले होते, एक शिडशिडीत उंच, एक बुटका. मिस्तरींना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून त्यांनी कागदावर वायरींची नोंद करतात तसं ‘लांब’ आणि ‘आखूड’ लिहून ठेवलं. पुढे त्या दोघांची नावं भिंतीएवढ्या पोस्टरांवर झळकली, त्यांच्या यंत्रसंगीतावर हजारो माणसं नाचली, मासिकांनी मुखपृष्ठं छापली. दुकानात ते लांब्या आणि आखुड्याच राहिले, आणि त्यांनाही दुसऱ्या नावाने हाक मारलेली तिथे चालली नसती.

त्या दिवशी त्यांनी आणलं होतं एक ड्रम मशीन. म्हणजे ठोके ठरवून दिले की आपलं आपण वाजत राहणारी पेटी. लाकडी बाजू, सोळा बटणं, त्यातल्या एकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. नाचाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी वर्ग बंद करताना ती या दोघांना देऊन टाकली होती. बाईंना सगळे मावशी म्हणत, म्हणून पेटीही मावशी झाली. मावशी मुकी झालीय, अशी तक्रार होती. मिस्तरींनी आतली सुटलेली तार जोडली, मावशी बोलायला लागली, आणि खात्री करायला ते ऐकत बसले. सात-आठ मिनिटांनी त्यांनी कान टवकारले. मावशी हळू होत होती.

मिनिटाला एकशे चोवीस ठोक्यांनी सुरू झालेली मावशी बाराव्या मिनिटाला एकशे अठरावर आली. कारणही सापडलं. ठोक्यांमधलं अंतर ठरवणारा एक कपॅसिटर, करंगळीच्या नखाएवढा, पेटी तापली की ढेपाळत होता. दोन मिनिटांचं काम. मिस्तरींनी सोल्डरिंग आयर्न उचललं, तेवढ्यात लांब्याने त्यांचं मनगट धरलं.

“तेवढं राहू द्या, मिस्तरी. ती दमली की आम्हालाही जरा दम खाता येतो.”

मग काय, तेवढं राहिलं. बारा-बारा मिनिटांची गाणी ही त्या दोघांची खासियत. ठोके मावशीचे, आणि त्यांवर हे दोघं स्वतःच्या हातांनी कीबोर्ड वाजवणार. शेवटाकडे बोटं जड व्हायची तेव्हा मावशीही चाल कमी करायची, आणि नाचणाऱ्यांनाही न कळत बरं वाटायचं. समीक्षकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्याने त्यांचं कुठे काही अडतं? या जोडीच्या संगीताला श्वास आहे, असं एकाने लिहिलं आणि मग सगळेच श्वास घ्यायला लागले. एकाने तर समुद्र, भरती आणि मानवी फुप्फुसं यांवर चार पानं खर्ची घातली. मिस्तरी ती वाचून पोट धरधरून हसले. श्वास कसला, कपॅसिटर गळतोय.

पण कुणाला सांगितलं नाही. दर दोन वर्षांनी मावशी तपासणीला यायची, मिस्तरी तोच प्रश्न विचारायचे आणि तेच उत्तर मिळायचं. सुताराला त्याच्याच घरातल्या डुगडुगत्या खुर्चीला हात लावू दिला नाही तर त्याची जी तगमग होईल, ती मिस्तरींनी चौतीस वर्षं सोसली.

या वर्षी मावशी एकटीच आली, व्हॅनमधून. त्या दोघांनी नवा व्यवस्थापक नेमला होता, मोठा टापटिपीचा माणूस. पेटीवर त्याची चिठ्ठी होती: ‘कार्यक्रमांसाठी संपूर्ण तपासणी. जुना एकही भाग ठेवू नये.’ मिस्तरींनी चिठ्ठी दोनदा वाचली. साठी गाठल्यावर पोरांना शहाणपण सुचलं म्हणायचं. फोन करून विचारावं असं त्यांच्या मनात आलं आणि मनातच राहिलं, कारण नाही म्हणाले असते तर? त्यांनी कपॅसिटर बदलला. मावशी तासभर एकशे चोवीसवर चालली, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मिस्तरींनी जेवताना तिला चालू ठेवलं, हात धुताना चालू ठेवलं. जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं त्यांना. जुना कपॅसिटर पाकिटात घालून झाकणाला चिकटवला आणि मावशीला निरोप दिला.

तीन महिन्यांनी त्या दोघांचा नवा अल्बम आला, तब्बल अकरा वर्षांनंतरचा. रिवाजाप्रमाणे पहिली रेकॉर्ड दोघांच्या सह्यांनिशी मिस्तरींकडे आली. दरवेळी मिस्तरी ती त्याच दुपारी चहाबरोबर ऐकायचे. याही वेळी बायकोने चहा ठेवला. पण त्या दिवशीचं वर्तमानपत्र रेकॉर्डच्या आधी घरात पोचलं होतं.

“अडीच तारे,” बायको म्हणाली. “पाचपैकी.”

मग तिने वाचून दाखवलं. मोठ्या दैनिकाचा मोठा समीक्षक. त्याने लिहिलं होतं की या जोडीच्या संगीतात एके काळी जो श्वास होता तो हरवला आहे. अकरा वर्षांनी परतलेले हे दोघे घड्याळासारखे वाजतात, अचूक, टापटीप आणि निर्जीव. बायकोने चार गुण दिले, कारण सहा वेळा ‘एके काळी’ आलं होतं. श्वास हरवला नव्हता, तो त्यांनीच काढून पाकिटात घातला होता. त्यांनी रेकॉर्ड न उघडता फळीवर दोन व्होल्टमीटरांच्या मध्ये उभी करून ठेवली. चहाही तसाच राहिला. संध्याकाळी बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“दोन मिनिटांचं काम होतं,” ते म्हणाले.

शनिवारी साप्ताहिक आलं. त्यातला लेख लांबलचक आणि मायाळू होता, म्हणून जास्त लागला. दोन कलावंतांचा हा सभ्य निरोप आहे, असं त्यात होतं. बोटांत आता पूर्वीची धाव नाही, आणि ती आहे असा आवही नाही. बायकोने पाच गुण दिले आणि समासात लिहिलं की माणसं हयात आहेत. रेडिओवर दोन समीक्षकांनी वीस मिनिटं वाद घातला की नाचाची गाणी करणाऱ्यांनी किती वर्षांचं होईपर्यंत ती करावीत. त्यातल्या एकाने तिसऱ्या गाण्यानंतर ऐकणं सोडलं होतं, आणि हे त्याने अभिमानाने सांगितलं.

मिस्तरींनी सगळ्याचं पाप आपल्या माथी घेतलं. मावशी दमायची थांबली, म्हणून पोरांची बोटं मागे पडली, हे त्यांना आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. चौतीस वर्षांचं काम आपण दोन मिनिटांत बिघडवलं. आणि बिचाऱ्यांना ते ठाऊकही नाही. सांगायला हवं होतं, पण रिसीव्हर उचलला की ते तो तसाच परत ठेवून द्यायचे. ही दोघं पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाहीत, या कल्पनेने त्यांना जेवण जाईना. त्या आठवड्यात त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंच्या रेडिओचं बटण उलटं बसवून दिलं. बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, आता डाव्या हाताला व्यायाम होतो.

पुढच्या मंगळवारी बायको हातात फोन घेऊन दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. कुठल्याशा वेबसाइटवर एका तरुण मुलीने अल्बमवर लिहिलं होतं, जेमतेम वीस ओळी. बायकोने त्या सावकाश वाचल्या. ‘शेवटचं बारा मिनिटांचं गाणं मी स्वयंपाकघरात नाचत ऐकलं. नवव्या मिनिटाला माझी दमछाक झाली. आता थांबावं म्हटलं, तेवढ्यात वाटलं की गाणंच माझ्यासाठी जरा हळू झालंय. मैत्रीण म्हणाली, तुला भास झाला. झाला असेल. पण मी शेवटपर्यंत नाचले.’

बायकोने नऊ गुण दिले. तिने आजवर कुणाला आठाच्या वर दिलेले मिस्तरींना आठवत नव्हते.

“चूक आहे,” मिस्तरी म्हणाले. “हळू होऊच शकत नाही. नवा कपॅसिटर मी माझ्या हाताने बसवलाय.”

“तुम्ही ऐकलंत?”

मिस्तरींनी फळीवरच्या रेकॉर्डकडे पाहिलं. बायकोने गठ्ठ्यातून कोरा कागद ओढला, पट्टीशिवाय सरळ उभी रेघ मारली, डावीकडे ‘पेपर म्हणतो, श्वास गेला’ असं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. चौथीतल्या मुलांपुढे सरकवायची अगदी तसाच. उजवी बाजू पांढरीफटक होती. बेचाळीस वर्षांच्या नेमाचं काय झालं होतं ते त्या पांढऱ्या भागात दिसत होतं, आणि मिस्तरींना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी रेकॉर्ड काढली, उघडली, लावली. स्टॉपवॉच घेतलं. शेवटच्या गाण्याचं पहिलं मिनिट, एकशे चोवीस ठोके. शेवटचं मिनिट, एकशे अठरा. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. एकशे अठराच. मावशी दमली होती, नेहमीसारखी, बेट्या त्या समीक्षकाच्या नाकाखाली. मग मिस्तरींनी कव्हर उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत ध्वनिमुद्रणाची तारीख होती, मागच्या वर्षीची. मावशी दुकानात येण्याच्या कितीतरी आधी गाणी वाजवून झाली होती. त्यांच्या उमेदीच्या काळात आज वाजवलं की महिन्याभरात दुकानात, असा खाक्या होता. रेकॉर्ड वर्षभर पडून राहते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांचा जीव भांड्यात पडला. समीक्षकाला त्यांनी दोन-चार शब्द सुनावले, न ऐकता निकाल देणारा म्हणून, आणि बायकोने आठवण करून दिली की त्याने निदान रेकॉर्ड उघडली तरी होती. दोघंही हसली. चहा झाला, दुसरा ठेवला गेला. तो अर्धा पिऊन होतो न होतो तोच मिस्तरींनी कप खाली ठेवला. रेकॉर्डवरची मावशी जुनी होती. पण त्या दोघांकडे आत्ता जी मावशी होती, ती दमत नव्हती. आणि कार्यक्रम नऊ दिवसांवर आले होते.

बायको म्हणाली, फोन करा. मिस्तरी म्हणाले, फोनवर ऐकू येत नाही, आणि पिशवी भरायला लागले.

त्या दोघांची सरावाची खोली म्हणजे एका जुन्या कापडाच्या गोदामाचा वरचा मजला. भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या, वायरी जमिनीला पट्ट्यांनी चिकटवलेल्या, कोपऱ्यात घरघरणारा पंखा, खिडकीत कापून काळं पडलेलं सफरचंद. लांब्याने दार उघडलं. त्याचा चेहरा पाहूनच मिस्तरी चपापले. आखुड्या एका खोक्यावर कोट घालून बसला होता, आणि दोन्ही कीबोर्डांवर खोळी चढल्या होत्या. उघडी होती ती एकटी मावशी.

बसायला सांगून लांब्यानेच सगळं सांगितलं. महिनाभर सराव चालू होता. छोटी गाणी ठीक जायची, पण लांबलचक गाण्यात आठव्या मिनिटानंतर आखुड्याचा हात मागे पडायचा. मग लांब्याचाही. आधी त्यांनी ते हसण्यावारी नेलं. नंतर आखुड्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी बोटं वाकवून बघितली आणि वयाच्या मानाने छान आहेत म्हणाले. ते ‘वयाच्या मानाने’ आखुड्याच्या मनातून जाईना. आज संध्याकाळी ते कार्यक्रम रद्द करा म्हणून सांगणार होते. कार्यक्रम आणि यापुढचं सगळंच.

आखुड्याने कोटाच्या खिशातून घडी केलेलं पान काढलं. साप्ताहिकाचं होतं.

“या माणसाने बरोबर ओळखलं, मिस्तरी. बोटांत धाव राहिली नाही. लोकांसमोर हसं होण्याआधी थांबलेलं बरं.”

मिस्तरींनी विचारलं, “मावशीवर संशय नाही आला तुम्हाला?”

“तिच्यावर कसा येईल?” आखुड्या म्हणाला. “तुमचा हात फिरलाय तिच्यावरून. म्हटलं, बिघाड आहे तो आमच्यातच.”

कुणी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर मिस्तरींना एवढं लागलं नसतं. एवढा विश्वास, आणि आपण त्या विश्वासाचं हे केलं. येताना वाटेत त्यांनी बरीच प्रस्तावना जुळवली होती, चिठ्ठीची, चौतीस वर्षांची, सुताराची. त्यातलं काही आठवलं नाही.

“मी तिचा तो कपॅसिटर बदललाय,” ते म्हणाले. “ती आता दमत नाही. तुम्ही होता तिथेच आहात, ती पुढे पळतेय. तुम्हाला विचारायला हवं होतं. नाही म्हणाल, म्हणून विचारलं नाही.”

लांब्या जमिनीवर बसला आणि त्याने विचारलं, आत्ताच का. मिस्तरींनी व्यवस्थापकाच्या चिठ्ठीचं सांगितलं. ती लांब्याने जन्मात पाहिली नव्हती. मग त्याला हसू यायला लागलं, आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांत पाणी. आखुड्या हसला नाही. तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला, आणि जरा वेळाने त्याने कोट काढून ठेवला.

मिस्तरींनी मावशीचं झाकण उघडलं. पाकीट जागेवरच होतं, त्यांच्या अक्षरात तारीख घातलेलं. सोल्डरिंग आयर्न तापलं, पण त्यांचा हात थरथरत होता. लांब्याने टॉर्च धरली, आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं, या वेळी थांबवायला नव्हे. नवा कपॅसिटर निघाला, जुना बसला. दोन मिनिटांच्या कामाला पंधरा मिनिटं लागली.

मग ते वाजवायला बसले. मिस्तरी खिडकीपाशी स्टॉपवॉच घेऊन बसले. एकशे चोवीस. आखुड्याचे खांदे कानांपर्यंत चढले होते, मार चुकवणाऱ्या माणसाचे चढतात तसे. सहावं मिनिट गेलं, सातवं गेलं. आठव्याला लांब्याने त्याच्याकडे बघितलं, त्याने बघितलं नाही. नवव्या मिनिटाला मावशी ढेपाळली, आपल्या जुन्या सवयीने, आणि आखुड्याचे खांदे हळूहळू खाली आले. बाराव्या मिनिटाला तिघांनीही एकाच ठोक्यावर संपवलं. मिस्तरींना मोजलेला आकडा लिहायचा होता, पण चष्मा ओला झाला होता.

“परत एकदा,” आखुड्या म्हणाला, आणि त्यांनी सगळं परत वाजवलं.

दुसऱ्यांदा संपल्यावर मिस्तरींनी पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवून मधोमध रेघ मारली आणि दुकानातल्या आवाजात आखुड्याला विचारलं, तक्रार काय. आखुड्या म्हणाला, लिहा, म्हातारे झालो. मिस्तरींनी डावीकडे तसंच लिहिलं. उजवीकडे लिहायला त्यांनी वेळ घेतला. ‘दोनदा ऐकलं. दोघांचेही हात ठीक. दोष मिस्तरीचा. काढला.’

आखुड्याने कागद हातात घेतला. तो बराच वेळ वाचत होता, तेवढ्या वेळात त्या अडीच ओळी किती वेळा वाचून झाल्या असतील कोण जाणे.

“हा मी ठेवू?” त्याने विचारलं.

कागद कधी कुणाला दिलेला नव्हता. मिस्तरींनी मान हलवली. आखुड्याने त्याची नीट घडी केली, कोटाच्या ज्या खिशात ते साप्ताहिकाचं पान होतं त्यातून पान काढून खिडकीत सफरचंदाखाली ठेवलं, आणि कागद त्या खिशात घातला.